भिंतीतलं मीठ

खारबांध फुटला त्या वर्षी भात पोटरीला आलं होतं. भाद्रपदातलं उधाण, त्यात पश्चिमेचा वारा. दुपारची भरती चढायला लागली आणि खाडीने बांधाला खांड पाडली. शेतं गेली, विहिरी खारट झाल्या. कान्हूच्या घरात मांडीएवढं पाणी चढलं. उधाण उतरेपर्यंत ते भरतीबरोबर घरात यायचं आणि ओहोटीबरोबर चिखल ठेवून निघून जायचं. तोवर कान्हू, त्याची बायको चंद्रावती आणि शाळेत जाणारा मुलगा दत्ता माळ्यावर भाताच्या कणग्यांशेजारी राहिले. पाणी गेल्यावर चंद्रावतीने चिखल उपसला, लांबून आणलेल्या गोड्या पाण्याने भिंती धुतल्या, जमीन सारवली. सगळ्या गावाने तेच केलं. थंडीत भिंती सुकल्या, आणि आता संपलं, असं सगळ्यांनी धरलं.

घर कान्हूच्या बापाने बांधलेलं. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, त्या भिंतींत अर्धे बसवलेले ऐनाचे खांब, वर किंजळाच्या तुळया आणि कौलं. पेणच्या खाडीकडच्या त्या गावात ते काही मोठं घर नव्हतं, पण लाकूड पक्कं होतं. बाप रोह्याच्या पलीकडच्या जंगलातून गाडीने ऐन आणायला गेला होता तेव्हा कान्हू त्याच्याबरोबर गेला होता, आणि ते तो चारचौघांत सांगायचा.

होळीच्या सुमाराला भिंतींवर पांढरं फुटलं. आधी जमिनीलगत, मग गुडघ्याच्या उंचीवर, पीठ सांडल्यासारखं. चंद्रावतीने बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ हाय," ती म्हणाली.

कान्हूचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. त्याने जवळ येऊन बघितलं. "पाणी सुकलं, मीठ राह्यलं. झाडून टाक."

तिने झाडलं. काही दिवसांनी पुन्हा फुटलं. मग आभाळ भरून यायला लागलं, आणि पाऊस पडायच्या आधीच भिंतींना घाम सुटला. आतलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेत होतं. पावसाळाभर त्या भिंती सुकल्या नाहीत. हे मग दरसालचंच झालं. उन्हाळ्यात भिंत फुलायची, पावसाळ्यात पाझरायची. गोधड्यांना वास यायचा, पापडांना बुरशी धरायची, ट्रंकेतली लुगडी घडीवर पिवळी पडायची.

कान्हूने करायचं ते सगळं केलं. भिंतीचा गिलावा खरवडून टाकला आणि डोंगराकडची लाल माती आणून नवा केला. मीठ त्यातूनही वर आलं. चुना मारला, चुन्याचे पापुद्रे सुटले. खांबांच्या बुडांना डांबर फासलं, पेणच्या गॅरेजमधून गाड्यांचं काळं तेल आणून ओतलं. दिवाळीनंतर तो दारं-खिडक्या सताड उघडून भिंतींना वारा द्यायचा. घर नुसतं तग धरून राहिलं. वाईट होतं, पण उभं होतं.

दत्ता मोठा झाला, धाटावच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला लागला, आणि त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. रोह्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातून सरूचं स्थळ आलं. भातशेती असलेली माणसं, मुलगी सातवी शिकलेली. घर बघायला सरूचा मामा आला. धुवट पांढरा सदरा घालून तो भिंतीला पाठ टेकून बसला, पोहे खाल्ले, चहा प्याला. उठला तेव्हा पाठीवर ओलीचा मोठा डाग होता. चंद्रावतीला तो दिसला. मामाला घरी गेल्यावर दिसला असणार. निरोप आला की मुलगा पसंत आहे, पण घर ओलं आहे. आमच्या मुलीला असल्या घराची सवय नाही.

त्या दिवशी चंद्रावती जेवली नाही.

"सिमेट करू," ती कान्हूला म्हणाली. "आत-बाहेर, वरपासून खालपर्यंत. बाजूच्या धोंडुबाईच्या भावाने केलंय पेणला. भिंत कशी ताटासारखी झालीय."

"मातीची भिंत हाय गो. तिच्यावर सिमेट धरंल?"

"जाळी मारून धरतंय म्हणतात. मला काय माहीत? पण माझ्या पोराचं लगीन या भिंतींपायी मोडायचं नाय."

कान्हूने थोडा विचार केला. त्यालाही भिंती बघून बघून कंटाळा आला होता. रामवाडीचा एक गवंडी त्यांनी बोलावला. त्याने खांबांसकट सगळ्या भिंतींना जाळी ठोकली आणि सिमेंटचा जाड गिलावा केला, आतून आणि बाहेरून. वर पिवळा रंग दिला. चंद्रावतीने गिलाव्यावर हात फिरवला. कोरडा, गार, गुळगुळीत. ती हसली, आणि कान्हूला तिचं ते हसणं बघून आपण हे आधीच करायला हवं होतं असं वाटलं.

सरूच्या माणसांना पुन्हा बोलावलं. लग्न झालं.

त्यानंतरचे दोन पावसाळे चंद्रावतीचे सुखाचे गेले. मीठ फुटलं नाही. गोधड्या कोरड्या राहिल्या. सरू कामाला चपळ होती, बोलायला मोकळी होती. दोघी भिंतीशी बसून वाल सोलायच्या, आणि सरू माहेरच्या गमती सांगायची. दत्ता आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. घरात एक वास मात्र यायला लागला होता, पावसात भिजलेल्या पोत्यासारखा. उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी माळा झाडला. उंदीर सापडला नाही. वासाची सवय झाली.

सरूला मुलगी झाली. बारशाला माहेरची माणसं आली, आळीतल्या बायका जमल्या. मधल्या खोलीत तुळईला जुनी लोखंडी कडी होती. दत्ताचा पाळणाही तिलाच टांगलेला. कान्हूने पाळणा लावला आणि चंद्रावतीने बाळाला आत ठेवायच्या आधी, दोरी ताणून बघावी म्हणून, दोन्ही हातांनी पाळण्यावर भार दिला.

कडी सुटून हातात आली. तिच्याबरोबर तुळईचा ओंजळभर भुगा खाली पडला. तपकिरी, मऊ, ओला. थोडा चंद्रावतीच्या केसांवर पडला, थोडा पाळण्यातल्या दुपट्यावर.

सरूची आई पुढे आली, तिने तो भुगा चिमटीत घेतला आणि चोळला. "हे लाकूड नाय राह्यलं," ती म्हणाली. तिने काही टाकून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. दिसलं ते म्हटलं.

बारसं धोंडुबाईच्या पडवीत झालं. मुलीचं नाव मालू ठेवलं. चंद्रावतीने घुगऱ्या वाटल्या, सगळ्यांशी बोलली, आणि तिला सारखं वाटत राहिलं की आपल्या केसांत अजून तो भुगा आहे.

दुसऱ्या दिवशी दत्ता रोह्याहून बाबाजी सुतारांना घेऊन आला. बाबाजी वयाने कान्हूएवढेच, जुन्या घरांची कामं करणारे. त्यांनी तुळईचं टोक बघितलं, मग भिंतीतल्या खांबाच्या जागेवर, सिमेंटवर, हातोडीच्या दांड्याने ठोकलं. पोकळ आवाज आला.

"उघडून बघायला लागंल," ते म्हणाले.

कान्हूने छिन्नी लावली. सिमेंटचा एक तुकडा निघाला आणि आतून गार, कुबट हवा बाहेर आली. विटांची माती भिजलेल्या गुळासारखी झाली होती. आणि खांब असायला हवा होता तिथे बुडाशी खांबच नव्हता. चौकोनी चिरा पडलेलं काहीतरी होतं, ते हात लावताच गळून पडलं. गिलाव्याचं कवच तेवढं खांबाच्या आकाराचं राहिलं होतं, आणि इतके दिवस भिंतीच्या त्या भागाने छपराचा भार कसा धरला ते बाबाजींनाही कळेना.

"सिमेटच्या आत पाणी अडकलं," ते म्हणाले. "खालून चढलेलं आणि वर कौलातून झिरपलेलं. आधी निदान वाऱ्याने सुकत होतं. आता जायला वाटच नाय राह्यली. मग ते वर वर चढत गेलं, तुळईपर्यंत."

"बूड कापून खाली दगड देऊ," कान्हू म्हणाला. "वरचं चांगलं असंल."

"बघू."

छपराला टेकू दिले. बाबाजींनी खांब गुडघ्याच्या उंचीवर कापला. करवत लोण्यातून जावी तशी गेली. कमरेशी कापला, तिथेही आत तपकिरी. "आणखी वर," कान्हू म्हणाला. खांद्याशी कापला तेव्हा करवतीला जरा लाकूड लागलं, पण गाभा काळा पडलेला. कान्हूने तो तुकडा उचलून नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

त्यांनी दुसरा खांब उघडला. मग तिसरा. कान्हू प्रत्येक वेळी छिन्नी स्वतः धरायचा, आणि बाबाजी सांगतात की पहिला तुकडा उडवताना तो डोळे मिटायचा.

काम थांबवून बाबाजी ओट्यावर बसले तेव्हा चंद्रावती पाणी घेऊन आली.

"बाबाजीदादा, नवीन खांब घातले तर?"

"घालता येतील, वहिनी. पण भिंत तीच. मीठ भिंतीत हाय, पायात हाय, खालच्या जमिनीत हाय. आज घातलेला खांब चार-सहा पावसाळ्यांनी असाच होईल. लाकूड मी बदलीन. भिंतीतलं मीठ कसं काढू?"

मग तिने विचारलं, "सिमेट केलं म्हणून झालं का हे?"

बाबाजींनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलवत नव्हतं. "नसतं केलं तर सावकाश गेलं असतं," ते म्हणाले. "तुमचं आयुष्य निघालं असतं, वहिनी."

कान्हू आत होता. त्याने ऐकलं की नाही ते तिला कळलं नाही. त्या दिवशीही आणि पुढेही त्याने तिला कधी दोष दिला नाही. तिला वाटायचं, एकदा तरी बोलावं त्याने. ओरडावं. तू म्हणालीस म्हणून केलं, असं म्हणावं. तो म्हणाला नाही.

बाबाजींनी जमेल तेवढं केलं, दोन खांब बदलले, तुळईखाली जोड दिला आणि ते गेले. जाताना त्यांनी दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं की आई-वडिलांना इथून हलव.

मालूला पावसाळ्यात दम लागायला लागला. तान्ह्या मुलीच्या छातीतून मांजर गुरगुरावं तसा आवाज यायचा. पेणच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि घराबद्दल विचारलं. सरूने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मुलीला त्या हवेत ठेवू नका. दत्ताने रोह्यासमोर, नदीच्या पलीकडच्या अष्टमी गावात एक खोली बघितली. नवी स्लॅबची इमारत, कंपनीला जायला सोयीची.

निघताना सरू चंद्रावतीजवळ येऊन बसली. "आई, तुमी दोघंपण चला. खोली लहान हाय, पण मावू आपण."

"ते येणार नायत."

"मग तुमी चला."

"त्यांना टाकून येऊ?"

सरूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी घर सोडून चाललेय असं समजू नका, आई. पोरीसाठी चाललेय."

"मला समजतंय गो," चंद्रावती म्हणाली. "तू जा. मागं बघू नको." आणि ती मालूच्या टाळूवर तेल घालत राहिली.

दोघंच राहिली. कान्हू मिठागरावर जाईनासा झाला. सकाळी उठला की कोयत्याच्या पाठीने खांब वाजवत फिरायचा. गावात कुणाचं पडकं घर उतरवत असतील तिथे जाऊन उभा राहायचा आणि एखादा वासा, एखादं तुळईचं टोक खांद्यावर घेऊन यायचा. घरात टेकूंना टेकू लागले. चुलीपासून दारापर्यंत जायचं तर चंद्रावतीला वाकून, वळून जावं लागायचं. तो जेवताना मध्येच थांबायचा आणि वर बघायचा.

"काय झालं?"

"बोललं."

"कोण?"

"वरचा वासा."

तिला खोकला लागला होता. ती तोंडावर पदर धरून खोकायची. एकदा ती म्हणाली, "सोडू या आता. अष्टमीला जाऊ. पोरीला बघून किती दिवस झाले."

"बांध फुटला तवा सोडलं नाय."

"तवा घर होतं."

तो उठला. मग कोयता घेऊन मागच्या खोलीत गेला. ती ऐकत बसली. ठक, ठक. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक.

आषाढात, दुपारी, चंद्रावती धोंडुबाईकडे ताक आणायला गेली होती. तिथूनच तिने आवाज ऐकला. मोठा धडाका नव्हता. कौलं एकामागून एक घसरली, आणि मग जमिनीवर काहीतरी जड, बद्द वाजलं. ती धावली. मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती आणि तिच्याबरोबर तुळई खाली आली होती. कान्हू तिच्याखाली होता. तो बदलायला म्हणून टेकू काढत होता. शुद्धीवर होता. तोंड मातीने भरलेलं, आणि डोळे उघडे.

"हळू," तो लोकांना म्हणाला. "वरचे वासे धरा आधी."

त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली होती आणि कमरेला मार होता. पेणला नेलं, तिथून अलिबागला नेलं. हाड जुळलं, पण तो उठून चालला नाही. दत्ताने त्याला टेम्पोत गादी घालून अष्टमीच्या खोलीत आणलं. चंद्रावती त्याच्या डोक्याशी बसून आली. खिडकीतून पूल दिसायचा, खाली कुंडलिका नदीचं पाणी. कान्हूने त्यातलं काही बघितलं नाही. तो छताकडे बघत पडून राहायचा. सिमेंटचं सपाट छत. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळीनंतर उरलेलं घर उतरवायला हवं होतं, नाहीतर ते आळीतल्या मुलांवर पडलं असतं. दत्ताला सुट्टी मिळेना. चंद्रावती एकटी गेली. आळीतल्या माणसांनी कौलं उतरवली, वासे काढले, भिंती लोटून दिल्या. खांब एकेक करून बाहेर आले. काही बाहेर काढताना तुटले. काहींच्या आत काही नव्हतंच. धोंडुबाईने त्यातलं लाकूड चुलीत घालून बघितलं. ते जळेना, नुसता कडवट धूर झाला. मग ते सगळं खाडीच्या कडेला नेऊन टाकलं.

मधल्या खोलीतला एक खांब राहिला. तो भिंतीत नव्हता, खोलीच्या मध्यावर दगडी तळखड्यावर एकटा उभा होता, त्यामुळे गवंड्याने त्याला हात लावला नव्हता. माणसांनी तो आडवा केला. चंद्रावतीने धोंडुबाईकडून कोयता घेतला आणि कान्हू वाजवायचा तसा तो बुडापासून टोकापर्यंत वाजवला. सगळीकडे सारखा, टणक आवाज. त्याच पाण्यात तो उभा होता, तीच भरती त्याच्यावरही चढली होती. रंग काळसर झाला होता, एवढंच. तिने बुडाशी कोयत्याचा घाव घातला. कोयता उसळून आला.

ती त्या खांबावर बसली. माणसांना वाटलं, दमली असेल.

"हा चांगला हाय," धोंडुबाई म्हणाली. "दत्त्याला सांग, टेम्पो घेऊन ये."

"नको," चंद्रावती म्हणाली. "तुझ्या गोठ्याला घे."

"अगो, एवढा ऐनाचा खांब..."

"घे म्हणते ना."

संध्याकाळी ती अष्टमीला पोचली. सरूने कान्हूला उशा लावून बसवलं होतं, मालू त्याच्या पायाशी खेळत होती. चंद्रावती पाय धुऊन आत आली. त्याने तिच्या हातांकडे बघितलं. हात खरचटलेले होते.

"उतरलं?" त्याने विचारलं.

"उतरलं."

मग म्हणाला, "एखादा तरी चांगला निघाला काय गो?"

येताना रस्ताभर तिने ठरवलं होतं की विचारलं तर सांगायचं. तो खांब त्याच्या बापाने आणलेला. त्याला तेवढं तरी मिळावं. पण एक चांगला निघाला म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, तो का टिकला, आणि त्याचं उत्तर तिला तोंडाने द्यावं लागणार होतं. शिवाय तो म्हणाला असता, मग एका खांबावर उभारू. म्हणालाच असता.

"नाय," ती म्हणाली. "सगळे गेलेले."

कान्हूने मान हलवली. त्याचा चेहरा बदलला नाही. फक्त उशांवरचं अंग थोडं खाली सरकलं आणि सरूने पुढे होऊन त्याला नीट केलं.

त्यानंतर त्याने घराचं नाव काढलं नाही. खाणंही कमी होत गेलं. डॉक्टर म्हणायचे, हाड जुळलंय, प्रयत्न केला तर दोन पावलं टाकतील. तो प्रयत्न करत नव्हता. चंद्रावती त्याला काठी देऊन उभं करायला बघायची, तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि उठायच्या आधीच हात सोडून द्यायचा. तिला रोज वाटायचं की आज सांगावं. ती जवळ बसायची, त्याच्या पायाला तेल लावायची, आणि उठून जायची. एकदा तिने सरूला सांगितलं. सरू म्हणाली, "आता सांगून काय होणार, आई?" तेही खरंच होतं.

माघात तो गेला. दत्ता म्हणाला, राख गावाला नेऊ, खाडीत सोडू, आजोबांचीही तिथेच सोडली होती. चंद्रावती नको म्हणाली. का ते तिने सांगितलं नाही आणि दत्ताने फार विचारलंही नाही. अष्टमीच्या घाटावर त्यांनी राख कुंडलिकेत सोडली. ओहोटी होती. पाणी संथ होतं, राख बराच वेळ काठाशीच घोटाळत राहिली, आणि चंद्रावती ती जाईपर्यंत थांबली नाही.